सदतीस नंबरची कडी

रतिलालशेठच्या ऑफिसात कम्प्युटर आला तो दिवस एकादशीचा होता, म्हणून त्याला पेढ्यांऐवजी साबुदाण्याच्या खिचडीचा नैवेद्य दाखवण्यात आला. त्याच्यासाठी वेगळी खोली बांधली होती. खोलीला एसी होता, दाराशी पायपुसणं होतं आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या होत्या. शेठ स्वतः बाहेरच्या खोलीत टेबलफॅनसमोर घाम पुसत बसत. जळगावचा एप्रिल ज्यांनी भोगला आहे त्यांना घरात मोठं कोण हे यावरून कळेल.

कम्प्युटर घेण्याचं कारण शेठची जीभ होती. त्यांना नाही म्हणता येत नसे. गिऱ्हाइकानं लग्नाच्या पंगतीत विचारलं, न्हाव्याच्या खुर्चीत विचारलं, दवाखान्याच्या रांगेत विचारलं, तरी शेठ म्हणत, 'होऊन जाईल.' मग पुढच्या पानावरची जिलेबी उचलत आणि विसरत. त्यांच्या आधीच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखालची एकच जागा चार जणांना स्कूटरसाठी दिलेली निघाली. लीलाधर मास्तरांना ज्या भिंतीत खिडकी कबूल केली होती, तिच्या पलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर होतं. ताबा द्यायच्या दिवशी निम्मी बिऱ्हाडं गाद्या-वळकट्यांसकट ऑफिसात येऊन बसली आणि तीन दिवस उठली नाहीत.

तेव्हा शेठनी ठरवलं की यापुढे आपण बोलायचं नाही, कम्प्युटरनं बोलायचं. पुण्याच्या एका गृहस्थानं त्यांना खास बिल्डरांसाठी केलेला प्रोग्राम विकला. कोणता फ्लॅट कोणी बुक केला, काम कुठवर आलं, गिऱ्हाइकाला काय बदलून हवं आहे, हे सगळं त्यात भरायचं. बदलायच्या गोष्टींची यादी आतच होती, बेचाळीस बाबींची. मोरीची फरशी, ओट्याचा दगड, संडासाचं भांडं, असं एकेक. गिऱ्हाइकानं बाब सांगायची, कम्प्युटरवर बसणाऱ्या बाईंनी नंबर दाबायचा, कम्प्युटरनं मान्य किंवा अमान्य म्हणायचं आणि मान्य झालं की कर्रकर्र आवाज करत चिठ्ठी छापायची. चिठ्ठी मराठीत निघे. तिच्यातले रफार जागेवर नसत, पण पुण्याचे गृहस्थ म्हणाले, अर्थ तर कळतो ना.

शेठनी साइटवर पाटी लावली: चिठ्ठीशिवाय घमेलं हलणार नाही. एक कलम त्यांनी स्वतः सांगून प्रोग्राममध्ये घालून घेतलं होतं. लीलाधर मास्तरांनी खिडकी आधी मागितली, मग नको म्हणाले, मग नको म्हटलंच नव्हतं असं म्हणाले. म्हणून मागणी करताना आणि ती रद्द करताना, दोन्ही वेळी गिऱ्हाइकाची सही लागेल. सही नाही तर कम्प्युटर पुढे सरकणार नाही. या कलमाचा शेठना फार अभिमान होता. नाशिकहून पाहुणे आले की चहाच्या आधी ते कलम सांगत.

बिल्डिंगचं नाव रत्नदीप. रिंग रोडला, पाच मजली, लिफ्टसह. बुकिंग सुरू झालं तेव्हा तिथं नुसती काळी माती आणि एक बोर्ड होता. लोक बोर्डापाशी उभे राहून हवेत बोट दाखवून आपली बेडरूम ठरवत. एका जोडप्याचं गॅलरी कोणत्या हवेत यावरून भांडण झालं आणि ते वेगवेगळ्या रिक्षांनी घरी गेले.

सुगंधाबाई पाटील अशाच एका दुपारी आल्या. भडगावकडच्या गिरणाकाठच्या गावच्या. बरोबर नवरा होता, निंबाआबा. आबा बोर्डाच्या सावलीत बसले आणि पुढची सगळी बोलणी त्यांनी तिथूनच ऐकली नाहीत. सुगंधाबाईंनी नकाशा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, मग आभाळात तिसऱ्या मजल्याच्या अंदाजानं पाहिलं. तिथं एक घार फिरत होती.

"हाऊ हॉल का?" त्यांनी घारीकडे बोट करून विचारलं.

शेठ म्हणाले, हो, तोच.

"मंग झोकानी कडी कोठे शे?"

शेठ अजून जुनेच होते. 'होऊन जाईल,' ते म्हणाले. मग आठवण होऊन त्यांनी जोड दिली, 'कम्प्युटरला सांगा.'

कडीमागचं कारण सुगंधाबाईंनी ऑफिसात कोणाला लगेच सांगितलं नाही. ते असं होतं. त्यांना चार मुली. चारही लग्न होऊन गेलेल्या, दोघी धुळ्याला, एक अमळनेरला, एक पिंपळनेरला. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि झोका खेळतात. वर्षभर सासरी खाली मान घालून वावरलेली बाई त्या दिवशी झोक्यावर उभी राहून आभाळाला पाय लावते आणि तिला कोणी खाली उतर म्हणत नाही. सुगंधाबाईंच्या घरचा झोका अंगणातल्या कडुलिंबाला बांधला जाई. दोन वर्षांपूर्वी भावाभावांची वाटणी झाली आणि अंगण दिराकडे गेलं, लिंबासकट. आखाजीला जाऊबाई म्हणाल्या, येऊ द्या की पोरींना, झाड काय कुठं चाललंय. फक्त दुपारनंतर येऊ द्या, आधी आमच्या मुली खेळतील. सुगंधाबाईंच्या चौघी जणी, ज्या त्या फांदीवर वाढल्या होत्या, ओट्यावर रांगेनं बसून पाळीची वाट पाहू लागल्या. पाळी आली तेव्हा धाकटीची बस निघायची वेळ झाली होती.

सुगंधाबाई जाऊबाईंशी भांडल्या नाहीत. त्यांनी आबांना सांगितलं की आपल्याला जळगावला घर घ्यायचं आहे. आबांनी का म्हणून विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी हा प्रश्न दोनदाच विचारला होता आणि दोन्ही वेळा उत्तर ऐकून पस्तावले होते.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. झोक्याची कडी नंतर ठोकता येत नाही. स्लॅब टाकायच्या आधी ती लोखंडाच्या जाळीत, बीमच्या सळयांना अडकवून बसवावी लागते. एकदा काँक्रीट पडलं की छतातून फक्त पंखा लटकतो, माणूस नाही. तिसऱ्या मजल्याच्या छताचा स्लॅब चैत्रात पडणार होता.

फाल्गुनात सुगंधाबाई मागणी नोंदवायला आल्या. कम्प्युटरवर सुनंदाबाई नावाच्या बाई बसत. त्या मूळच्या धुळ्याच्या, तिथंच सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या, आणि त्यांचा चेहरा असा होता की बातमी चांगली की वाईट ते त्यावरून कधी कळू नये. त्यांनी झोक्याची कडी असं टाइप केलं. कम्प्युटर म्हणाला, अमान्य, बाब यादीत नाही. त्यांनी बंगईची कडी टाइप केलं. अमान्य. झोपाळ्याचा हूक. अमान्य.

शेठनी बाहेरून विचारलं, काय झालं. सुनंदाबाईंनी सांगितलं. शेठ आत आले, चपला काढून, आणि हळहळत म्हणाले की आता त्यांचा नाइलाज आहे. त्यांचं चाललं असतं तर दहा कड्या दिल्या असत्या. नाही म्हणता येत नसलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी नाही म्हणणारं मिळालं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर एक शांतता आली होती. पुण्याला फोन लावला, तर गृहस्थ म्हणाले, नवी बाब घालायला महिना लागेल आणि त्यांना स्वतः यावं लागेल, आणि सध्या त्यांच्या मेहुण्याचं लग्न आहे. शेठनी एक तोडगाही सुचवला. बाजारात हल्ली लोखंडी स्टँडचे झोपाळे मिळतात, ते हॉलच्या कोपऱ्यात ठेवता येतात. सुगंधाबाईंनी त्यावर शेठकडे नुसतं पाहिलं. शेठ चपला घालून बाहेर गेले.

सुगंधाबाई मात्र खुर्चीवरून हलल्या नाहीत. एसीत त्यांना थंडी वाजत होती, म्हणून त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.

"यादीमा नही ते माले समजनं," त्या म्हणाल्या. "मंग यादीमा काय काय शे ते वाच."

"अक्का, बेचाळीस बाबी आहेत."

"वाच. माले घाई नही."

सुगंधाबाईंना वाचता येत होतं. चौथीपर्यंत शिकल्या होत्या, चष्माही पिशवीत होता. पण ज्यानं नाही म्हटलं त्याच्याच तोंडून सगळं ऐकायचं, असा त्यांचा हिशेब असावा. सुनंदाबाई वाचू लागल्या. मोरीची फरशी. मोरीचा उतार. ओट्याची उंची. प्रत्येक बाबीला सुगंधाबाई थांबवत, ती काय असते ते विचारत आणि समजलं की मान हलवत. बाहेर आबांचा दोनदा चहा पिऊन झाला. फ्रेंच विंडो म्हणजे काय हे समजून घ्यायला दहा मिनिटं गेली आणि शेवटी सुगंधाबाई म्हणाल्या की त्याला आपल्याकडे दार म्हणतात.

सदतिसावी बाब होती लिफ्ट मशीन रूमची कडी.

"थांब. हाई काय शे?"

सुनंदाबाईंनी सांगितलं की लिफ्टची मोटर उचलून वर बसवायला त्या खोलीच्या छताला एक लोखंडी कडी लागते. ती स्लॅबमध्येच घालतात.

"कितलं वजन झेलस ती?"

"एक टन. म्हणजे दहा क्विंटल."

सुगंधाबाईंनी बोटांवर दोन झोके मोजले. शेतमाल विकायला मार्केट यार्डात ज्यांची निम्मी हयात गेली त्यांना दहा क्विंटल समजावून सांगावे लागत नाहीत.

"चार लाव," त्या म्हणाल्या.

"अक्का, ती लिफ्टची आहे. तुमच्या हॉलमध्ये?"

"तुना कम्प्युटर ईचारस का, कशासाठी?"

सुनंदाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग त्या सावकाश म्हणाल्या, "खोली विचारतो. नग विचारतो. कारण नाही विचारत."

त्यांनी फ्लॅट तीनशे दोन दाबलं, हॉल दाबलं, सदतीस दाबलं, चार दाबलं. कम्प्युटर जरा गुरगुरला आणि त्यानं मान्य म्हटलं. प्रिंटर कर्रकर्र वाजला. सुगंधाबाईंनी सही केली, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. चिठ्ठी साइटवर गेली.

साइटवर लोखंडाचं काम पुना मिस्त्रीकडे होतं. चिठ्ठी पाहून त्यानं एवढंच विचारलं की हॉलात लिफ्ट येणार आहे का. चिठ्ठी आणणारा म्हणाला, चिठ्ठी आली आहे. पुनानं चार कड्या वळायला घेतल्या. याच पुनानं मागं एकदा शेठच्या तोंडी हुकमावर एक मोरी बांधली होती, मग शेठनीच चिठ्ठी कुठे आहे म्हणत ती त्याच्याच हातानं पाडायला लावली होती. तेव्हापासून पुना देवाच्या हुकमालाही चिठ्ठी मागेल अशी त्याची ख्याती होती.

गोष्ट इथं संपली असती, पण सुगंधाबाईंनी ती बसस्टँडवर एका बाईला सांगितली. त्या बाईनं रत्नदीपमध्येच चौथ्या मजल्यावर बुक केलं होतं. आठवड्याभरात एसीच्या खोलीबाहेर बायकांच्या चपला मावेनाशा झाल्या. कुंदाबाई आल्या, शेवंताबाई सोनगीरहून आल्या, एक मास्तरीणबाई आल्या ज्यांना मुलगी नव्हती पण स्वतःला झोका हवा होता. कोणी कडी हा शब्द उच्चारत नसे. खुर्चीवर बसायचं आणि म्हणायचं, सदतीस नंबर, चार. खालच्या दोन मजल्यांचे स्लॅब आधीच पडले होते. तिथल्या बायका नुसत्या येऊन चौकशी करून गेल्या आणि त्यांच्या नवऱ्यांचे पुढचे काही दिवस बरे गेले नाहीत.

रतिलालशेठना हे कळलं ते महिन्याच्या गोषवाऱ्यातून. तो त्यांनी स्लॅबच्या आदल्या दिवशी वाचला. एका लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टच्या पंचेचाळीस कड्या होत्या. आधी त्यांना वाटलं कम्प्युटरला ऊन लागलं. एसी वाढवायला सांगितला. मग सुनंदाबाईंनी चेहरा न बदलता एकेक चिठ्ठी काढून दाखवली, प्रत्येकीवर सही.

शेठ हबकले. हॉलच्या छताला लिफ्टच्या कड्या पाहून उरलेली गिऱ्हाइकं काय म्हणतील, हे एक झालं. पण खरं दुःख वेगळं होतं. त्यांनी जन्मात पहिल्यांदा नाही म्हणायची सोय केली होती आणि भडगावकडच्या एका बाईनं ती दुपारभर खुर्चीवर बसून मोडीत काढली होती.

"सगळ्या रद्द करा," ते म्हणाले.

सुनंदाबाईंनी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: खरेदीदाराची सही?

"हो दाबा."

"दाबते की. पण सहीचा कागद फाइलला लागतो. तुम्हीच करून घेतलंय तसं. की मी सुगंधाबाईंची सही करू?"

असं विचारल्यावर हो म्हणणं शेठनाही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता स्लॅब सुरू झाला. मिक्सर गरगरत होता, चाळीस माणसं रांगेत उभी राहून घमेली वर चढवत होती. स्लॅबचं एक आहे, सुरू केला की मध्ये थांबवता येत नाही. थांबवला तर सांधा राहतो आणि पावसाळ्यात तो गळतो. रतिलालशेठ धापा टाकत शिडीनं वर आले तेव्हा काँक्रीट तीनशे एक ओलांडून तीनशे दोनकडे निघालं होतं. तिथं हॉलच्या बीमपाशी, सळयांच्या जाळीवर फळी टाकून, सुगंधाबाई बसल्या होत्या. डोक्यावर पदर, पदरावर ओला पंचा. खाली आबा छत्री घेऊन उभे होते.

शेठनी पुनाला बाजूला घेतलं आणि त्या चार कड्या कापून टाकायला सांगितलं. पुनानं हात पुढे केला.

"चिठ्ठी?"

"अरे मी मालक सांगतोय तुला."

"मोरीना टाइमले बी तुम्हीच व्हतात, शेठ," पुना म्हणाला आणि सळईला तार बांधायला लागला.

मग शेठ सुगंधाबाईंकडे वळले. त्यांनी पहिल्यांदा विनवलं. मग कायदा काढला. मग म्हणाले की इंजिनिअरनं विचारलं तर काय सांगू. सुगंधाबाई म्हणाल्या की इंजिनिअरला त्यांनी काल विचारलं, तो म्हणाला बीम मजबूत आहे, कडी राहिली तर बीमचं काही बिघडत नाही, कापायला गेलात तर बांधणी हलेल. हे खरं होतं. इंजिनिअर कोपऱ्यात उभा राहून आभाळ पाहत होता. शेठनी शेवटचा प्रयत्न केला.

"चार टन वजन पेलतील त्या कड्या. तुमच्या पोरी काय चार टनाच्या आहेत?"

"पोरंसोरं लई येतीन," सुगंधाबाई म्हणाल्या. "तुम्ही मोजू नका."

घमेली पुढे पुढे येत होती. काँक्रीट त्यांच्या फळीपासून हातभर उरलं. शेठनी खिशातून रद्द करायचा कागद काढला, पेन काढलं, टोपण उघडून पुढे धरलं. सुगंधाबाईंनी पेन घेतलं, पाहिलं, टोपण लावून परत दिलं.

"सही नही करस मी," त्या म्हणाल्या. "चाळीस वरीस मी जठे सांगं तठे सही करी. वाटणीना कागदवर बी करी. आते नही."

मिक्सर ओरडत होता. कोणीतरी विचारलं, शेठ, माल टाकू का, सुकतोय. चाळीस माणसं शेठकडे पाहत होती. शेठनी तोंड उघडलं आणि जन्माची सवय कामाला आली.

"होऊन जाऊ द्या," ते म्हणाले.

सुगंधाबाई उठल्या, पुनाच्या खांद्याला धरून बाजूला झाल्या आणि काँक्रीट कड्यांच्या बुडाशी बसेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. एका जागी माल दाबून बसवणारा व्हायब्रेटर नीट फिरला नाही असं त्यांना वाटलं. तो परत फिरवायला लावला.

छताखालच्या फळ्या-टेकूंचं सेंट्रिंग निघालं आणि चार दिवसांनी आखाजी आली. तिसऱ्या मजल्याला अजून भिंती नव्हत्या, नुसते खांब आणि वर छत. खाली रिंग रोडवरून जाणाऱ्या लोकांना सकाळी नऊ वाजता दिसलं की अर्धवट बिल्डिंगमध्ये, आभाळाला टेकून, दोन झोके हलत आहेत आणि त्यांवर नव्या लुगड्यातल्या बायका उभ्या आहेत. सायकली थांबल्या. पाणीपुरीवाल्यानं गाडी तिकडे वळवली. स्लॅबच्या कडेनं पुनानं आडवे बांबू बांधून दिले होते. बांबूची बाब यादीत नव्हती, त्यामुळे त्याला चिठ्ठीही लागत नव्हती.

रतिलालशेठना बातमी लागली तेव्हा ते कोणाच्या तरी घरी आमरसावर बसले होते. हात न धुता आले. तीन मजले चढून वर पोचेपर्यंत त्यांच्याजवळ बोलायला श्वास फारसा उरला नव्हता, तरी त्यांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. ताबा दिलेला नाही. पूर्णत्वाचा दाखला नाही. कम्प्युटरमध्ये ताब्याची तारीख पुढच्या दिवाळीची आहे. ही जागा आजच्या तारखेला कंपनीची आहे आणि इथं कोणालाही पाऊल ठेवायचा हक्क नाही.

चारही मुली झोका थांबवून आईकडे पाहू लागल्या. पिंपळनेरची धाकटी खाली उतरायला लागली. इतक्या वर्षांची सवय, कोणी आवाज चढवला की उतरायचं.

"बस," सुगंधाबाई तिला म्हणाल्या. "उतरू नको."

मग त्यांनी दुसऱ्या झोक्यावरच्या थोरलीला सरकवलं, स्वतः तिच्या शेजारी बसल्या, दोन्ही हातांनी दोर धरले आणि पाय वर उचलले. चपला खाली गळून पडल्या.

"ताबा तुम्हनापान ऱ्हाऊ द्या, शेठ," त्या म्हणाल्या. "तुम्हनी जमीनले आम्हना पाय लागेल शे का? देखा."

शेठनी पाहिलं. दहा पायांपैकी नऊ हवेत होते. धाकटीचा एक पाय अजून स्लॅबला टेकलेला होता. तिनं शेठकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि त्याच पायानं जोर लावून झोका बांबूपर्यंत नेला.